टार्टचा तळ ओला का राहतो?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर पुढचे उत्तर त्या हिशेबाने वाचता येईल. तुम्ही काचेच्या उथळ भांड्यात टार्टचे शेल, म्हणजे मैद्याची ती वाटी, १८० अंश सेल्सिअसवर २० मिनिटे भाजलीत आणि फिकट असतानाच बाहेर काढलीत. घट्ट होताक्षणी उतरवलेले कस्टर्ड गरम असतानाच तिच्यात ओतलेत, वर स्ट्रॉबेरी, संत्रे आणि किवी मांडलेत आणि टार्ट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात. दुसऱ्या दिवशी दुपारी कापताना तळ ओला आणि चिवट निघाला, कस्टर्ड सुरीमागे वाहत आले, आणि कडा तर भाजतानाच अर्ध्यावर घसरल्या होत्या. आता ओव्हन २२० अंशांवर न्यावा की मैद्याचे प्रमाण वाढवावे, असे तुम्ही विचारता. शिवाय उरलेल्या अर्ध्या टार्टचे काय करावे, हेही विचारता.

ओव्हनही वाढवू नका आणि मैदाही. ओव्हन २२० अंशांवर नेलात तर कडा करपतील आणि तळ जवळजवळ होता तसाच राहील, कारण कडांना गरम हवा थेट लागते, तर तळापर्यंत उष्णता भांड्याच्या जाड काचेतून सावकाश पोचते. मैदा वाढवलात तर गोळा कोरडा पडेल, तो सांधण्यासाठी तुम्ही आणखी पाणी घालाल आणि शेल आणखी चिवट होईल. तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी: मळताना पिठात गेलेले, कस्टर्डने धरून न ठेवलेले आणि फळांतून रात्रभर झिरपलेले. गेली बरीच वर्षे मी टार्ट करते आणि शिकवते. बिघडलेला टार्ट समोर आला की किती मिनिटे भाजला हे विचारण्याआधी, यात पाणी कुठून आले आणि कुठे अडायला हवे होते, हे मी शोधते.

काही गोष्टी मात्र तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्या ओव्हनच्या बटणावरचे १८० अंश आत प्रत्यक्षात किती असतात, हा त्यातला पहिला प्रश्न. घरगुती ओव्हनमध्ये १० ते २० अंशांचा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर ही मी पहिली खरेदी सुचवते. भांडे पातळ पत्र्याचे की काचेचे, खोली थंड की उकाड्याची, आणि टार्ट केल्यापासून खाईपर्यंत किती तास जाणार, यांनीही उत्तर बदलते. म्हणून पुढे दिलेल्या वेळा अंदाजासाठी घ्या आणि खुणांवर जास्त विश्वास ठेवा.

सुरुवात गोळ्यापासून करू. २३ ते २४ सेंटिमीटरच्या साच्यासाठी मी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एका अंड्याचा पिवळा बलक आणि एक ते दोन मोठे चमचे बर्फाचे पाणी घेते. गोळा थोडा उरतो, पण पुढे तडे बुजवायला तो लागतोच. लोण्याचे काम इथे मोहनाचे आहे. पाणी मिळण्याआधी मैद्याच्या कणांभोवती स्निग्धतेचा लेप बसला तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे लवचिक जाळे, कमी तयार होते आणि शेल खुसखुशीत होते. तो लेप बसण्याआधी पाणी घातले किंवा नंतर गोळा पोळीच्या कणकेसारखा मळला, तर ग्लुटेनचे धागे ताणले जातात आणि शेल चिवट होते. म्हणून लोण्याचे बारीक तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहाताने नव्हे, कारण लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि तळहात तेवढा गरम सहज असतो. मिश्रण ओल्या वाळूसारखे दिसू लागले आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला, पण बोटाने टोचताच फुटला, की चोळणे थांबवायचे. मग बलक आणि एक चमचा पाणी घालून फक्त गोळा करायचा. लोण्यातही साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम लोण्याबरोबर सुमारे १६ ग्रॅम पाणी पिठात आधीच आलेले असते, हे लक्षात घेतले की दुसरा चमचा पाणी घालताना हात आपोआप आखडतो.

कडा घसरण्याचे कारण बहुधा इथेच आहे. गोळा चपटा करून, झाकून, निदान एक तास फ्रिजमध्ये ठेवावा. तेवढ्यात ताणलेले ग्लुटेन सैल होते, पाणी सगळीकडे सारखे मुरते आणि लोणी पुन्हा घट्ट होते. विश्रांती न मिळालेला गोळा लाटताना मागे सरकतो, ते आपल्याला दिसते. ओव्हनमध्येही तो तेच करतो, फक्त तेव्हा आपण पाहत नसतो. लाटून झालेली साधारण ३ मिलिमीटर जाडीची पारी साच्यावर टाकल्यावर बहुतेक जण ती बोटांनी ताणून कोपऱ्यात बसवतात. तसे करू नये. पारीची कड एका हाताने वर उचलावी, ती आपल्या वजनाने कोपऱ्यात खाली उतरू द्यावी आणि मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळ आणि बाजू मिळतात तिथे हलकेच दाबावे. कोपऱ्यात पोकळी राहिली तर वरची कड भाजताना ती भरायला खाली उतरते, आणि तुम्ही लिहिलेल्या अर्ध्यावर घसरलेल्या कडा अशाच होतात.

साच्यात बसवलेली पारी भाजण्याआधी मी आणखी १५ ते २० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवते. मात्र हे फक्त पत्र्याच्या साच्यासाठी सांगते आहे. काचेचे भांडे फ्रीझरमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, ते तडकू शकते. खरे तर माझा सल्ला असा आहे की, तळ सुटा होणारा गडद पत्र्याचा साचा मिळाला तर तोच वापरावा, कारण तो उष्णता लवकर घेतो आणि लवकर देतो, आणि शेल बाहेर काढून त्याचा तळ प्रत्यक्ष पाहता येतो. काचेतून तळाचा रंग दिसतो, हा तिचा एकमेव फायदा. तो मोठा असला तरी वेळ मात्र पाच-सात मिनिटे जास्त धरावी लागते.

आता भाजणे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण घरी केलेल्या टार्टमध्ये सर्वात जास्त घाई इथेच होते. थंड कस्टर्डच्या टार्टमध्ये शेल भरल्यानंतर पुन्हा ओव्हनमध्ये जात नाही. म्हणजे आधी जेवढे भाजले तेवढेच ते भाजलेले राहणार आहे. तरीही आत काहीतरी भरायचेच आहे या समजुतीने लोक ते फिकट असतानाच काढतात. फिकट शेल म्हणजे ज्यातले पाणी अजून गेलेले नाही असे शेल, आणि ज्यात पाणी आहे ते वरून येणारे पाणीही सहज स्वीकारते.

मी असे करते. ओव्हन १८० अंशांवर तापवताना खालच्या कप्प्यात एक जाड ट्रे आधीच ठेवते, म्हणजे साच्याचा तळ तापलेल्या पत्र्यावर बसतो. पारीच्या तळाला काट्याने टोचे मारते, बटर पेपर हातात चुरगाळून पुन्हा उलगडते, कारण चुरगाळलेला कागद कोपऱ्यात नीट बसतो, आणि त्यावर कोरडे कडधान्य किंवा तांदूळ भरते. भरते म्हणजे अगदी कडेपर्यंत. तळाला पसरलेला मूठभर दाण्यांचा थर तळ फुगू देत नाही एवढेच; बाजू धरून ठेवायच्या असतील तर दाणे बाजूंना टेकले पाहिजेत. (हे दाणे नंतर शिजवून खाता येत नाहीत, पण गार करून डब्यात भरून ठेवले तर पुन्हा पुन्हा भाजायला वापरता येतात. माझा डबा किती जुना आहे ते मी सांगणार नाही.) साधारण २० मिनिटांनी कागदाचा एक कोपरा उचलून पाहते. कागद चिकटला तर पुन्हा ठेवते. सहज सुटला आणि बाजू आपल्या पायावर उभ्या असल्या तर दाण्यांसकट कागद काढते.

या क्षणी तळ पाहिलात तर तो मेणासारखा, किंचित ओलसर आणि करड्या झाकेचा दिसेल. तुम्ही शेल बहुधा याच अवस्थेत बाहेर काढले असावे. इथून पुढे ते उघडेच १० ते १५ मिनिटे भाजायचे असते. हळूहळू तळाची मेणचट चमक जाते, तो आधी पांढुरका आणि कोरडा होतो आणि मग बिस्किटाच्या रंगावर येतो. लोण्याचा वास दुधासारखा असतो तो भाजल्यासारखा होतो. नखाने तळावर टकटक केले तर ओल्या शेलचा आवाज बद्द येतो आणि भाजलेल्याचा कोरडा, टणक. कडा लवकर लाल होऊ लागल्या तर त्यांच्यावर अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी घालावी, पण तळ पूर्ण झाल्याशिवाय शेल काढू नये. रंग आपल्याला हवासा वाटतो त्याहून थोडा पुढे जाऊ द्यावा, असे मी शिकणाऱ्यांना सांगते, कारण नव्या हाताला योग्य रंग नेहमी करपल्यासारखा वाटतो.

शेलमध्ये बारीक तडे दिसले तर उरलेला कच्चा गोळा बोटाने तिथे लिंपून दोन-तीन मिनिटे पुन्हा भाजावे. मग गरम शेलच्या आतून ब्रशने फेटलेल्या पांढऱ्या बलकाचा पातळ हात फिरवून ते पुन्हा दोन मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले की आत एक पापुद्रा तयार होतो आणि तो ओल अडवतो. अंडे नको असेल तर शेल गार झाल्यावर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा अगदी पातळ थर लावावा. तो थिजला की वरचे पाणी खाली येऊ देत नाही. मला चॉकलेटचा उपाय अधिक भरवशाचा वाटतो, पण त्याने गोडी वाढते, म्हणून कस्टर्डमधली साखर १० ते १५ ग्रॅमने कमी करते. अर्थात कच्च्या तळाला यातला कोणताच लेप वाचवत नाही. तो वरचे पाणी अडवेल, पिठातच राहिलेले कसे अडवणार?

कस्टर्डबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, आणि माझ्या मते तुमच्या टार्टचे सगळ्यात मोठे नुकसान त्या ओळीत आहे. घट्ट होताच गॅसवरून उतरवले, असे तुम्ही म्हणता. मीही सुरुवातीच्या काळात तेच करत असे, कारण अंडे फाटेल ही भीती. एकदा एका घरगुती समारंभासाठी आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात कस्टर्ड केले. रात्री ते चमच्यावर डोंगरासारखे उभे राहत होते, आणि सकाळी झाकण काढले तर दाट सुपासारखे हलत होते. दूध खराब निघाले असावे असे समजून मी सगळे पुन्हा केले, आणि घाईमुळे आधीसारखेच लवकर उतरवले. दुसरे कस्टर्ड लगेच वापरले गेल्यामुळे ते पातळ व्हायला वेळ मिळाला नाही, एवढेच नशीब.

कारण मला बरेच नंतर कळले. अंड्याच्या पिवळ्या बलकात अमायलेज नावाचे एन्झाइम असते आणि ते स्टार्च तोडते. कस्टर्डला घट्टपणा येतो तो मुख्यतः कॉर्नफ्लोअरच्या स्टार्चमुळे. कस्टर्ड घट्ट झाले पण नीट उकळले नाही, तर हे एन्झाइम शिल्लक राहते, रात्रभर आपले काम करते आणि स्टार्चने धरलेले पाणी मोकळे होते. उकळी येऊन एक ते दोन मिनिटे गेली की ते निकामी होते. अंडे फाटण्याची भीती नुसत्या बलकाच्या कस्टर्डला लागू आहे. कॉर्नफ्लोअर पुरेसे असले तर ते बलकातल्या प्रथिनांना गुठळ्या धरू देत नाही, आणि म्हणूनच हे कस्टर्ड बेधडक उकळता येते.

५०० मिलिलिटर दुधाला ४ पिवळे बलक, १०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि शेवटी ३० ग्रॅम लोणी हे माझे प्रमाण आहे. अर्धी साखर दुधात घालून ते गरम करावे. उरलेली बलकात घालून लगेच फेटावी (साखर बलकावर तशीच पडू दिली तर बलकाचे दाणे धरतात), मग त्यात कॉर्नफ्लोअर मिसळावे. गरम दूध या मिश्रणात बारीक धारेने घालत फेटावे आणि सगळे परत पातेल्यात ओतून मध्यम आचेवर सतत ढवळावे. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम तळाशी गुठळ्या दिसू लागतात. इथे घाबरून आच बंद करू नये, जोरात ढवळले की सगळे एकजीव होते. आता कस्टर्ड घट्ट दिसते, पण ते उकळलेले नसते. ढवळणे तीन-चार सेकंद थांबवून पातेल्याच्या मध्यावर पाहावे: खालून एखादा जड बुडबुडा वर येऊन ‘भुडुक’ करून फुटला, की उकळी आली. तिथून एक-दोन मिनिटे मोजावीत, आणि तेवढा वेळ ढवळत राहावे.

उतरवल्यावर लोणी मिसळून कस्टर्ड पसरट ताटात ओतावे, साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवावी आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवावे. गरम कस्टर्ड शेलमध्ये ओतू नये. त्याची वाफ खाली जाऊन पाणी होते, आणि खाली तुमचे भाजलेले शेल असते. पूर्ण गार झालेले कस्टर्ड दहा-पंधरा सेकंद फेटून मऊ करावे आणि मगच भरावे. मिनिटभर फेटत बसलात तर थिजलेल्या स्टार्चची बांधणी मोडते आणि ते पुन्हा सैल पडते. अंडे अजिबात वापरायचे नसेल तर कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम घ्या आणि गोळा बांधायला बलकाऐवजी आणखी एक चमचा थंड दूध वापरा. चवीचा भरीवपणा थोडा कमी होतो, पण तिथे अमायलेजचा प्रश्नच उरत नाही.

फळांबाबत फार लांबण लावण्याची गरज नाही. कापलेल्या फळाला साखर लागली की ते पाणी सोडते, आणि कस्टर्डमध्ये साखर आहेच. म्हणून कापलेले फळ त्यावर जितके कमी तास राहील तितके बरे. स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच देठ काढावा. संत्र्याच्या फोडी सोलून वीस मिनिटे कागदी रुमालावर निथळू द्याव्यात. किवीत प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. दुधाच्या पदार्थावर ती काही तास राहिली तर कडवट चव येते, तेव्हा ती अगदी वाढण्याच्या वेळी ठेवावी किंवा तिच्याऐवजी अख्खी द्राक्षे किंवा ब्लूबेरी घ्यावीत, कारण न कापलेले फळ पाणी सोडत नाही. वरून चकाकी हवी असेल तर तीन चमचे जर्दाळूचा जॅम एक चमचा पाण्यात गरम करून, गाळून, ब्रशने हलके टिपावा.

वेळेची आखणी मी अशी करते: गोळा आणि कस्टर्ड आदल्या दिवशी, शेल खाण्याच्या दिवशी सकाळी, भरणे वाढण्याआधी दोन-तीन तास आणि फळे शेवटच्या तासात. शेल आदल्या दिवशीच भाजायचे असेल तर गार झाल्यावर हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर ठेवावे. तयार टार्ट रात्रभर ठेवावाच लागणार असेल तर मी हा प्रकारच करत नाही. दळलेले बदाम, लोणी, साखर आणि अंडी समान वजनाने फेटून कच्च्या शेलमध्ये भरते, त्यात सफरचंदाच्या किंवा प्लमच्या फोडी खोचते आणि १८० अंशांवर सुमारे ४० मिनिटे सगळे एकत्र भाजते. बदामाचे सारण फळांचा रस शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी तो टार्ट उलट अधिक चांगला लागतो.

राहिला तुमचा उरलेला अर्धा टार्ट. तो पुन्हा ओव्हनमध्ये घालू नका; कस्टर्ड आणखी पाणी सोडेल आणि फळे लिबलिबीत होतील. तो सतत फ्रिजमध्येच असेल, तर फळे आणि कस्टर्ड चमच्याने वाट्यांत काढा आणि आजच संपवा. तळ खरवडून बाजूला ठेवा, पण कडांचे जे तुकडे कोरडे राहिले असतील ते चुरून वाट्यांवर भुरभुरा.